तोंडात धरलेलं पाणी

“तिला काय होतं, ते ती सांगणार की तुम्ही?” हमीदाबाईंनी विचारलं.

“मीच सांगतो,” दिगंबर सातपुते म्हणाले.

हमीदाबाई मुजावर कर्णबधिर मुलांच्या शाळेत तीस वर्षं बोलणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आता मिरजेत घराच्या पडवीतच दुपारी चार-पाच मुलं घेत. कुणी अडखळणारं, कुणी बोबडं, कुणी नुसतंच गप्प.

दिगंबर कुस्ती मैदानाचे निवेदक. पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, सगळं तोंडपाठ. पाच-पाच तास न थांबता बोलत. कर्ण्यावर आपला आवाज आला की तीन तालुके कान देतात, असं ते स्वतःच सांगत.

त्यांची मुलगी पूर्वा शेजारी बसली होती. नऊ वर्षांची. जूनपासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलाही हात वर करायची.

“बोलायला लागली की अडकते,” दिगंबर म्हणाले. “मुलं हसतात. मी किती सांगतो, दम घे, सावकाश बोल. माझी मुलगी, आणि असं...”

“घरात आणखी कुणाला होतं का असं?”

“नाही. कुणालाच नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पूर्वाकडे वळल्या.

“नाव काय तुझं?”

“प... प...”

“पूर्वा,” दिगंबर म्हणाले.

“डब्यात काय होतं आज?”

“प...”

“पोहे. पोहेच लागतात हिला.”

पूर्वानं तोंड मिटून घेतलं.

बाई आत गेल्या. पेलाभर पाणी आणून दिगंबरांच्या हातात दिलं.

“मोठा घोट घ्या. गिळू नका. मी सांगेपर्यंत तोंडात धरा.”

“कशासाठी?”

“एवढे आलात, तर करून बघा.”

दिगंबरांनी घोट घेतला. त्यांचे गाल फुगले. पूर्वाच्या ओठांचा कोपरा हलला.

“आता तू बोल,” बाई तिला म्हणाल्या. “त्यांना काय सांगायचंय, काय विचारायचंय, ते.”

आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

शेजारच्या घरात कुणी सतारीची तार लावत होतं. लावायचं, सोडायचं, पुन्हा लावायचं...

“प... पोहे नव्हते,” पूर्वा म्हणाली. “प... पराठा होता.”

दिगंबरांनी मान हलवली.

बाई जागच्या हलल्या नाहीत.

“मावशी म्हणाली... आ... आई पण... अ... अशीच बोलायची. ख... खरंय?”

दिगंबरांची नजर खाली गेली. ओठांच्या कडेनं पाणी ओघळून सदऱ्यावर पडलं.

“गिळा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पाणी गिळलं.

“हो,” ते म्हणाले. “अशीच.”

“मग स... सांगितलं का नाही?”

दिगंबरांनी ओठ पुसले. ते बाईंकडे वळले.

“ही पाच वर्षांची होती, तेव्हा ती गेली. तिचा आवाज कुठंच नाही, बाई. मोबाइल समोर धरला की हात आडवा करायची. माझ्या बोलण्याची शेकडो रेकॉर्डिंग पडून आहेत. तिचं एक वाक्य नाही. अर्धंसुद्धा नाही...”

त्यांनी पेला खाली ठेवला.

“ती अडकली की मी थांबायचो. घाई वाटायची नाही कधी. वाटायचं, थांबावं. आणि आता ही अडकली की... तीच बोलायला लागली असं वाटतं. पुढचं मला ऐकवत नाही. मग मीच बोलून टाकतो.”

पूर्वा त्यांच्याकडे बघत होती.

“आई क... कशी म्हणायची? तुमचं नाव?”

दिगंबरांनी डोळे मिटले. एकदा सुरुवात केली, सोडून दिली. मग पुन्हा.

“द... द... दिगंबर.”

पूर्वा सरकून त्यांच्या जवळ आली.

“प... परत.”

ते परत म्हणाले. तिनं अजून एकदा मागितलं. तिसऱ्या वेळी ‘द’पाशी ते बराच वेळ राहिले, आणि तिनंही घाई केली नाही.

ऊन पडवीच्या कडेला आलं होतं. बाई उठल्या.

“मंगळवारी आणि शुक्रवारी आणा. अडखळणं पार जाईलच असं मी सांगणार नाही. हलकं होईल. वर्गात बोलेल ती. पण तिचं वाक्य तिला पुरं करू द्या.”

“हो.”

पूर्वा पुढे गेली. दिगंबरांनी तिचं दप्तर खांद्याला अडकवलं, चपला घातल्या. पायरी उतरले आणि तिथंच उभे राहिले.

“बाई... आणि हे अडखळणंही पार गेलं तर?”

फाटकाशी पूर्वा ओठातल्या ओठात काहीतरी म्हणून बघत होती. हमीदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“तर त्याच्या आधी तिला आईचं आणखी काहीतरी द्या.”