बगळ्याचा बाभळीचा पाय

फार पूर्वी, पक्षी एकमेकांशी मोकळेपणानं बोलत तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या एका तळ्याकाठी एक बगळा राहत होता. भारी चौकस. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट जातं कुठं, कमळाच्या पानावर पाणी का टिकत नाही, गोगलगाय आपलं घर बांधते तरी कधी, असं काहीबाही तो दिसेल त्याला विचारायचा. जिथं तिथं चोच खुपसायची त्याला खोडच होती.

त्या खोडीपायी तो एकदा मासे धरणाऱ्या कोळ्यानं टाकून दिलेल्या जाळ्यात काय आहे ते बघायला गेला. जाळ्याचा दोरा डाव्या पायाला असा आवळला की सुटता सुटेना. पाय सुजला, काळा पडला आणि शेवटी गुडघ्याखाली गळून गेला. जखम भरली, पण बगळा एका पायावर उरला.

आता गंमत बघा, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बगळे एरवीही एक पाय पोटाशी घेऊन उभे राहतात. हा तर दिवसभर एकाच जागी, डोळे मिटून, हलत नाही की डुलत नाही. हलणार कसा बिचारा? एक बदक ते पाहून अगदी भारावून गेलं. "केवढं हे तप," ते म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे एक मासोळी ठेवून गेलं. मग पाणकोंबड्या आल्या, खंड्या आला. सगळे त्याला महाराज म्हणू लागले. बगळ्याला आयतं खायला मिळू लागलं. त्याचे प्रश्न मात्र बंद पडले. महाराजांना सगळं ठाऊकच असतं ना, मग ते कुणाला काय विचारणार?

उन्हाळा चढला तसं तळं आटू लागलं. बगळ्यांच्या थव्यानं ठरवलं, पाणी मधल्या काळ्या खडकाखाली उतरलं की डोंगरापलीकडच्या नदीवर जायचं.

"महाराज, तुम्हीही चला," थव्यातला एक जण म्हणाला.

"बघू," बगळा म्हणाला. उडायचं तर दोन्ही पायांनी जमिनीला रेटा द्यावा लागतो. पहाटे कुणी उठायच्या आत त्यानं एका पायावर उडी मारून पाहिली. तो आडवा पडला. पुन्हा मारली, पुन्हा पडला. थवा गेला की कोरड्या तळ्यात आपण एकटेच उरणार आणि उपाशी मरणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याला रडू फुटलं.

जवळच खड्यांमध्ये टिटवी अंड्यांवर बसली होती. तिनं सगळं पाहिलं.

"महाराज, दुसरा पाय कुठाय?" तिनं विचारलं.

"कुणाला सांगू नकोस गं."

"मी कशाला सांगू? पण मी गप्प बसले म्हणून पाणी आटायचं थोडंच थांबणार आहे?"

टिटवी आणि गप्प बसली, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण ती बसली. फक्त सुतारपक्ष्याला तेवढं सांगून आली.

सुतारपक्षी म्हातारा होता, बोलायला तुसडा. "पाय मी जन्मात केला नाही," तो म्हणाला. "मी भोकं पाडतो. पण करून बघू." त्यानं पांगाऱ्याची एक काटकी तासली. खाली तीन फाटे ठेवले. सुगरणीनं वर गवताची वाटी विणली आणि आत सावरीचा कापूस घातला. असा तो पाय त्यानं काठावरच्या टणक जमिनीवर आणून ठेवला.

"घाल आणि चालून बघ."

"इथं? इथं सगळे पाणी प्यायला येतात, काका. पलीकडं लव्हाळ्यात जाऊ."

"लव्हाळ्यात चिखल आहे. पहिलं पाऊल टणक जमिनीवरच टाकायचं."

"मग राहू दे," बगळा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

पण डोळे काही मिटून राहीनात. पाय समोरच पडला होता. त्याला बोटं तीनच का? ती पसरट का? चालताना वाजेल का? ओला झाला तर फुगेल का? किती तरी दिवसांनी बगळ्याच्या डोक्यात प्रश्न वळवळत होते, आणि त्याला आतून बरं वाटत होतं. शेवटी त्याला राहवेना.

"काका, वाजतो का हो हा?"

"मला काय विचारतोस? घालून बघ."

बगळ्यानं इकडंतिकडं पाहिलं. बदक मासोळी घेऊन येतच होतं. लाजेनं त्याच्या मानेची पिसं उभी राहिली. तरी त्यानं पाय घातला, एक पाऊल टाकलं आणि धाडकन चोचीवर आपटला.

"महाराज, हे काय?" बदक म्हणालं.

"ते तप नव्हतं रे," बगळा मातीतूनच म्हणाला. "मला पायच नव्हता."

"आणि माझ्या मासोळ्या?"

"त्या खाल्ल्या."

बदक त्या दिवशीची मासोळी घेऊन तरातरा निघून गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या तळ्याला बातमी कळली. दुसऱ्या दिवसापासून बगळ्यापुढे कुणी काही ठेवलं नाही, आणि त्याच्या पोटात कावळे ओरडू लागले.

मासे आपणच धरायला हवे होते, म्हणून तो पाण्यात शिरला. तर पांगाऱ्याचा पाय लाकडाच्या जातीवर गेला. तो पाण्यावर तरंगला आणि बगळा खाली गेला. सुतारपक्षी डोकं खाजवत बसला, मग हसला आणि त्यानं बाभळीचा जड पाय केला. तो पाण्यात नीट उभा राहिला.

बगळ्याला हुरूप आला. त्याच दिवशी त्यानं पूर्वीसारख्या लांब ढांगा टाकल्या, उड्या मारल्या. रात्री वाटी काढली तर आतलं कातडं सोलून निघालेलं. मग पाय बाजूला ठेवून गप्प पडून राहण्यात दिवस गेले, आणि तिकडं काळा खडक पाण्याबाहेर डोकं काढू लागला.

"पाय नवा आहे," सुतारपक्षी म्हणाला, "आणि तू त्याच्याकडं जुन्या पायाची चाल मागतोस. याला काय जमतं ते विचारलंस का कधी?"

हे बगळ्याला पटलं. विचारणं तर त्याला चांगलंच यायचं. जखम सुकल्यावर तो रोज सकाळी काठावर येऊ लागला. आधी नुसतं उभं राहायचं. मग भार थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं. मग खाली वाकायचं आणि सावकाश वर यायचं. वाळूत हा पाय फिरतो, चिखलात बोटं पसरली की रुतत नाही, खडकावर टक असा आवाज येतो. पायाला जमीन कळत नव्हती, पण मांडीला कळायला लागली. अंग दमलं की वाटी काढून कापूस उन्हात वाळवायचा, उद्यापर्यंत हाव करायची नाही.

एके दिवशी बदक पुन्हा आलं. रिकाम्या चोचीनं आलं होतं.

"लाकडाला गार लागतं का रे?" त्यानं विचारलं.

"नाही लागत. पण मला सारखं वाटतं, लागतंय."

"अरेच्चा. ते कसं काय?"

"तेच तर मी शोधतोय."

मग पाणकोंबड्याही विचारायला येऊ लागल्या. महाराज म्हणायचं सगळ्यांनी सोडलं होतं. बगळा कितीदा पडायचा याची आता कुणाला गंमतही वाटत नव्हती.

काळा खडक उघडा पडला. थवा निघाला. पांढरे पंख एकामागून एक वर गेले, आणि बगळा काठावरच्या एका खडकावर उभा राहिला. त्यानं वाकून दोन्ही पायांनी रेटा दिला. तो वर उठला, डावीकडं कलंडला आणि खाली आला.

"भार उजवीकडं जास्त गेला," टिटवी ओरडली. तिची पिल्लं आता तिच्यामागं धावत होती.

बगळा उठला. लाकडी पायावर भार टाकायला तो अजून भीत होता, हे त्याचं त्याला कळलं. या वेळी त्यानं भीत भीतच, पण सगळा भार दोन्हीकडं सारखा टाकला. बाभळीचा पाय खडकावर टक करून वाजला, आणि बगळा हवेत होता. थोडा वाकडा उडाला, पण उडाला. खाली बदक इतकं ओरडलं की पाणकोंबड्या दचकल्या.

नदीवर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सगळे बगळे रांगेनं उभे राहिले आणि एकेक पाय पोटाशी घेऊन झोपायला लागले. आपल्या बगळ्यानं जरा विचार केला. मग त्यानं उजवा, हाडामांसाचा पाय वर घेतला, पिसांत खुपसला आणि बाभळीच्या पायावर निश्चिंत उभा राहिला.

नदीवरचं एक अनोळखी बदक तिथून पोहत चाललं होतं. ते थबकलं आणि हळूच म्हणालं, "काय हो, तप चाललंय का?"

बगळ्यानं एक डोळा उघडला. "तप नाही बाबा. हा पाय फार दिवस एकटाच राबला. त्याला जरा झोपवतोय."

तात्पर्य: गेलेलं लपवण्यात जेवढी ताकद जाते, तेवढीच नवं शिकायला पुरते. फक्त चारचौघांत पडायची तयारी हवी, आणि पडल्यावर का पडलो ते विचारायची.