राजाचा अंमळ

एका राज्यात, जिथे ढग सांजावताना खाली उतरून गवतावर निजत, मणिध्वज नावाचा तरुण राजा होता. एके दिवशी तो सोंगट्या खेळण्यात दंग असता धूम्रा नावाची मायाविनी दारी आली. तिच्या खांद्यावर बोलणारी सारिका होती, उन्हाने व्याकूळ झालेली.

"राजा, पाणी," सारिका म्हणाली.

"अंमळ थांब," राजा म्हणाला आणि डावात विसरून गेला. त्याची थोरली बहीण कुवलया पाण्याचे भांडे घेऊन धावत आली, तोवर सारिकेने मान टाकली होती.

धूम्रेने तिला पदरात घेतले. "राजा, तुझा अंमळ केवढा, ते मी पाहिले. आता तूही अंमळ थांब."

राजा होता तसाच थिजला. कारंज्याचे पाणी हवेत थबकले. फळे पिकेनात, पाळण्यातली मुले वाढेनात. पंडितांना उपाय विचारावा, तर त्यांचीही तोंडे उघडी ती उघडीच. पाणी आणणारी कुवलया तेवढी शापातून वाचली होती. ती एकटीच निळ्या अरण्यात धूम्रेकडे गेली.

"त्या शब्दाचा अर्थ मला तीनदा दाखव," धूम्रा म्हणाली. "शाप उतरेल."

"आज्ञा."

"हे गोड तळे अंमळ खारट कर."

कुवलया काठावर वाकली. भावाच्या आठवणीने तिचा एक अश्रू तळ्यात पडला. धूम्रेने ओंजळभर पाणी चाखले आणि मान डोलावली.

"हा पाषाणाचा हत्ती अंमळ हलव."

कुवलयेने खांदा लावला, हत्ती ढळेना. दमून ती त्यालाच टेकली आणि भावासाठी गायची ती अंगाई गुणगुणू लागली. हत्तीने एक कान हलवला व तो पुन्हा पाषाण झाला.

मग धूम्रा मातीच्या एका लहानशा उंचवट्याशी जाऊन बसली. तिथे सारिका पुरलेली होती.

"अंमळ बैस माझ्यापाशी."

कुवलया बसली. सारिका पहिला शब्द कसा शिकली, डाळिंबाच्या दाण्यांसाठी कशी रुसायची, धूम्रा सांगत राहिली. झाडे फुलली, झडली, पुन्हा फुलली. आकाशातल्या ताऱ्यांनी जागा बदलल्या. कुवलयेचा जीव घराकडे ओढ घेई, तरी ती उठली नाही. अखेर धूम्रेला रडू कोसळले. पोटभर रडून तिने तोंड पुसले.

"मुली, आता मला बरे वाटते. जा."

कुवलया परतली तेव्हा कारंज्याचे पाणी पुन्हा पडत होते, मुले रडत होती, आंब्यांचा वास सुटला होता.

"ताई," राजा चकित होऊन म्हणाला, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

तिने सारे सांगितले. त्याने मुकुट उतरवून तिच्या हाती दिला आणि अनवाणी निळ्या अरण्याची वाट धरली. सारिकेच्या मातीवर त्याने डोके टेकले.

धूम्रा त्याच्याकडे बघत राहिली. मग किंचित सरकली आणि तिने त्याला बसायला जागा करून दिली.