रायवंताची मूठ

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आज जी म्हातारी चिंच उभी आहे, ती कुणी लावलीही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हिरडटोल्याच्या मोठ्या तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांची बारा घरं होती. त्यातल्या एका घरात रायवंता नावाची बाई राहायची. तिचा नवरा डोमाजी पट्टीचा पोहणारा. पूस महिन्यात, ऐन थंडीत, एकदा त्याचं जाळं बुडालेल्या खुंटाला अडकलं. ते सोडवायला तो पाण्यात उतरला आणि काठापासून चार हातांवर बुडाला.

तलावातल्या आसरांनी, पाण्यातल्या देवतांनी, त्याला ओढलं, असं गाव म्हणू लागलं. रायवंता काठावरच होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"त्याले कोनी ओढलं नाही," ती म्हणाली. "थंडीनं त्याचे हात गेले. बोटं मिटतच नोहोती."

तेव्हापासून पूस लागला की रायवंता पाळीवर शेकोटी पेटवून बसायची. वाळलेल्या भोपळ्यांचे तुंबे दोराला बांधून ठेवायची, कोरड्या गोधड्या रचून ठेवायची. पाण्यातून कुणी वर आला की त्याला म्हणायची, "अंगठा करंगळीले टेकव." टेकला नाही, तर त्या दिवशी त्याला पुन्हा उतरू द्यायची नाही. माणसं हसायची. सगळ्यात जास्त हसायचा खुशाल. तो डोमाजीचा जोडीदार.

"वयनी, असे भेत बसलो तर मासे का घरी चालत येतीन?" तो म्हणायचा. रायवंता शेकोटीत आणखी एक लाकूड सारायची.

मग एका वर्षी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी उत्तरेकडून वारा सुटला. तलावात तीन डोंगे, लाकडी होड्या, होते, डोंग्यांत सात माणसं होती. लाटांनी तिन्ही डोंगे पालथे झाले. पाळीवर रायवंता एकटीच होती. सातांमागे एकटीने पोहत जाणं म्हणजे आठवं मरण, हे तिला कळत होतं. तिने दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं, ती छातीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि तुंबे सोडले. वारा काठाकडे वाहत होता, तरी तुंबे वाऱ्याच्या उलट आत गेले आणि एकेका माणसापाशी एकेक जाऊन थांबला, असं म्हणतात.

"हात मारू नोका," ती ओरडली. "तुंबा कवटाळा. एकमेकाले धरून राहा."

मग ती एक एक पाऊल मागे सरत दोर ओढू लागली. त्या वेळी तलाव तिच्या बाजूने कलला होता, असं म्हणतात. दिवस कलेपर्यंत सातही जण काठाला लागले. खुशाल शेवटचा. तिने सगळ्यांना ओले कपडे काढायला लावले, गोधड्यांत गुंडाळलं, शेकोटीपाशी बसवलं. गोधड्या सातच होत्या.

थोड्या वेळाने खुशालचे दात वाजायचे थांबले. तेव्हा त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती ओल्या लुगड्यातच बसली होती, ओठ निळे पडलेले.

"वयनी, अंगठा करंगळीले टेकव," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. दोर धरलेली उजवी मूठ तशीच आवळलेली होती.

त्याने आपली गोधडी काढून तिला पांघरली. मग बाकीच्यांनीही काढल्या. ती वाचली, पुढे पुष्कळ वर्षं जगली. मुठीबाहेरचा दोर कापून टाकला, मूठ मात्र कधीच उघडली नाही, असं म्हणतात. तिला घास भरवायला त्या सात घरांच्या बायका पाळीपाळीने यायच्या. ती गेली तेव्हा दोराचा तुकडा तसाच मुठीत ठेवून तिला पुरलं.

हिरडटोल्यात अजूनही पुसात कुणी एकटा पाण्यात जात नाही. जोडीदाराने अंगठा करंगळीला टेकवून दाखवल्याशिवाय त्याला पुन्हा उतरू देत नाहीत. गारठून माघारी आलेल्याला भित्रा म्हणायची तिथे सोय नाही. आणि पाळीवर गोधड्या ठेवतात, त्यांत पाण्यात जाणाऱ्यांपेक्षा एक जास्त असते. ती कुणाची, असं नवख्याने विचारलं तर सांगतात, जो बुडणाऱ्याला काढायला जाईल त्याची.