येतेवाडीला नाव कसे पडले

शहराचा मोठा पूल संपला की रस्ता अरुंद होतो आणि रिक्षावाले जास्तीचे भाडे मागायला लागतात. तिथून पुढे येतेवाडी. शहरातले लोक तिला 'लांबची' म्हणतात आणि पलीकडच्या खेड्यांतले लोक तिला शहरच समजतात. नव्याने राहायला येणाऱ्यांना नावात चूक झाली आहे असे वाटते. पाटीवर 'येथेवाडी' असे लिहायचे राहून गेले असेल, असे ते म्हणतात.

इथे आता सहा-सहा मजल्यांच्या इमारती आहेत. खाली औषधांचे दुकान, मोबाइलचे दुकान, पिठाची गिरणी. पण गल्लीतून चालताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक जुन्या दाराला काळ्या दगडाचा ओटा आहे, आणि घराच्या मानाने तो फारच लांब आहे. घर दोन खोल्यांचे आणि ओट्यावर वऱ्हाड बसेल एवढी जागा. त्या ओट्यांना कोणी जाळी लावत नाही, त्यावर कोणी दुकान थाटत नाही.

फुलांचा व्यवसाय करणारे रखमाजी तात्या फुलारी वस्तीत सगळ्यात वडीलधारे. घर बघायला कोणी आले, की तात्या त्यांना आधी ओट्यावर बसवतात आणि मग ही हकिकत सांगतात. ती अशी.

फार पूर्वी शहराभोवती तट बांधायला घेतला. त्यासाठी लांबलांबची माणसे आली. कोणी कोकणातून, कोणी वऱ्हाडातून, कोणी नाव न ऐकलेल्या मुलखातून. तट बांधून झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की आपण तो आतून नव्हे, बाहेरून बांधला आहे. वेशीचे दरवाजे लागले आणि बांधणारे माळावरच राहिले. तिथेच त्यांनी घरे उभी केली. शहरातले लोक त्यांना 'भाईरचे' म्हणत. वस्तीला म्हणत 'भाईरचा माळ', दुसरे नाव नव्हते. माळावर प्रत्येकाची बोली वेगळी होती. एका भोपळ्याला कोणी डांगर म्हणे, कोणी काशीफळ, कोणी कोहळं, आणि त्यावरून रोज हशा पिके.

त्यांच्यात एक बाई होती. तटासाठी ती चुना मळत असे. ती उत्तरेकडून कुठून तरी आली होती. तिचे खरे नाव कोणाला नीट म्हणता येईना, म्हणून मुलांनी तिला आवडाई म्हणायला सुरुवात केली. ती इथली भाषा शिकली, पण शब्द जसा ऐकला तसाच तो खरा धरायची.

एका वैशाखात शहराला आग लागली. वारा सुटलेला, घरे लाकडाची. आळ्याच्या आळ्या पेटल्या. माणसे हाताला लागेल ते घेऊन वेशीतून बाहेर पळाली ती थेट माळावर आली. ज्यांनी कधी या बाजूला मान वळवून पाहिले नव्हते, ते आता भाईरच्यांच्या दारात उभे होते. आवडाईने आपल्या दारातली घोंगडी झटकली आणि पहिल्या म्हातारीला म्हणाली, "बसा."

त्या म्हातारीचे नाव म्हाळसाबाई. तिचा मुलगा विसाजीपंत शहराचा कारभारी होता आणि मोहिमेवर दूर गेला होता. म्हाळसाबाई त्या रात्री आवडाईच्या ओट्यावर निजली. ओटा तेव्हा एका माणसापुरताच होता, तिचे पाय बाहेर लोंबत होते. सकाळी आवडाईने तटाचे उरलेले दगड आणून तो वाढवला. तिचे बघून सगळ्या वस्तीने आपापले ओटे वाढवले. वर झापांचे छप्पर घातले. पूर्ण पावसाळा शहर त्या ओट्यांवर राहिले, असे सांगतात.

नवरात्राच्या आधी शहरातली घरे उभी राहिली आणि पाहुणे परतायला निघाले. निघताना प्रत्येक जण म्हणाला, "बरं, येतो."

आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. सगळ्यांना हे ठाऊक. आवडाईला ते ठाऊक नव्हते. तिच्या मुलखात निघणारा माणूस 'निघालो' म्हणे आणि येणारच असेल तर 'येतो' म्हणे. तिने आनंदाने विचारले, "कधी?"

लोक गोंधळले. मग हसून, भिडेखातर, ज्याला जे सुचले ते त्याने सांगितले. कोणी म्हणाले दसऱ्याला, कोणी म्हणाले संक्रांतीला. म्हाळसाबाई म्हणाली, "आंबे पिकले की येते हो." आवडाईने सगळे मनात धरले.

दसऱ्याला तिने ओटा सारवला आणि वेशीकडे तोंड करून बसली. कोणी आले नाही. संक्रांतीला तीळ भाजले, तेव्हाही कोणी आले नाही. शेजारची ठकूबाई तिला चिडवायची, "काय गं आवडे, पाव्हणे आले का? का वाटेत चुकले?" मग एकदा तिला दया आली आणि ती म्हणाली, "अगं वेडे, ते नुसतं म्हणायचं असतं."

"नुसतं कसं म्हणतील?" आवडाई म्हणाली. "चांगली माणसं आहेत ती."

माघात विसाजीपंत मोहिमेवरून परतला. फौजेचे घोडे वाढले होते, त्यांच्या पागेला जागा हवी होती. त्याने माळ नजरेखालून घातला आणि दवंडी पिटवली: पाडव्याच्या दिवशी घरे पाडायला माणसे येतील, त्याआधी वस्तीने उठावे. आग लागली तेव्हा तो इथे नव्हता. त्याला माळावर फक्त झोपड्या दिसल्या.

लोक काय करणार? त्यांनी भांडी बांधायला घेतली. पुन्हा कुठे जायचे ते कोणालाच माहीत नव्हते. ठकूबाई दारात बसून रडली. आवडाई मात्र वेगळ्याच काळजीत होती. ती म्हणाली, "ते येतील आणि आपण इथे नसू. केवढं वाईट दिसेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेशीतून आत शिरली. आयुष्यात पहिल्यांदाच. विचारत विचारत एकेका घरी गेली. दाराबाहेर उभी राहून सांगत गेली, "तुम्ही येणार होतात. दसऱ्याला जमलं नाही, असू दे, कामं असतात. पण आता नका येऊ. आम्ही नसू तिथे. उगाच उन्हात हेलपाटा पडेल तुम्हाला."

ती तक्रार करत नव्हती. जागाही मागत नव्हती. जेवढे सांगायला आली तेवढे सांगून ती पुढच्या दाराकडे वळे. ज्या घरांच्या दारी ती गेली, तिथे म्हणे त्या दुपारी कोणाला जेवण गेले नाही.

म्हाळसाबाईच्या दारातही ती उभी राहिली. "आई, आंबे पिकले तरी येऊ नका हो."

म्हाळसाबाई हातातले काम टाकून उंबऱ्याशी आली. मग तिने विचारले, "तू अजून वाट बघत होतीस?"

"तुम्ही येते म्हणाला होतात ना," आवडाई म्हणाली.

पाडव्याच्या सकाळी विसाजीपंत पहारी घेतलेले गवंडी बरोबर घेऊन माळावर आला. समोर बघून त्याने घोडा थांबवला. प्रत्येक ओट्यावर गुढी उभी होती. माळाच्या गरीब वस्तीत कधी न दिसणारी जरीची वस्त्रे काठ्यांवर झळकत होती. गुढ्यांखाली शहरातल्या आळ्यांतली माणसे मांडी घालून बसली होती. लेकीसुना कडुलिंबाची पाने वाटत होत्या, पोरे साखरेच्या गाठींवरून भांडत होती. आवडाईच्या ओट्यावरच्या गुढीला विसाजीपंताने लगेच ओळखले. वर पालथा घातलेला चांदीचा तांब्या त्याच्या देवघरातला होता आणि शालू त्याच्या आईच्या लग्नातला.

"आई, तू इथे काय करतेस?"

"काय म्हणजे? येते म्हणाले होते," म्हाळसाबाई म्हणाली. "आंब्यांची वाट बघत बसले असते तर घोडे आले असते इथे."

"लोक बघताहेत. ऊठ आता."

"विसू, आग लागली तेव्हा तुझी आई याच दगडावर निजली. पावसाळाभर हिने मला आधी वाढलं आणि मग स्वतः खाल्लं. तुला हे कोणी सांगितलं नाही, कारण आम्हीच विसरलो होतो."

गवंड्यांनी पहारी खाली ठेवल्या. उभ्या गुढीच्या दारात पहार लावायची नाही, असे त्यांच्यातला म्हातारा गवंडी म्हणाला. गुढी उतरते सूर्य मावळताना. तोवर घोड्यावर बसून काय करायचे, ते विसाजीपंताला कळेना. चारचौघांत आईशी वाद घालणेही बरे दिसेना. त्याने लगाम ओढला आणि सवयीने म्हणाला, "बरं, येतो."

आवडाई पदर सावरून पुढे झाली. हात जोडून तिने विचारले, "कधी, सरकार?"

माळावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ठकूबाईने तर डोळेच मिटून घेतले. पण आवडाई त्याला टोमणा मारत नव्हती, ती खरेच विचारत होती, आणि हे तिच्या चेहऱ्याकडे बघून विसाजीपंतालाही समजले. त्याने आईकडे पाहिले. गुढ्यांकडे पाहिले.

"पुढच्या पाडव्याला," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आले, की पुढच्या पाडव्याला इथे यायचे, तर वस्ती इथे असायला हवी. असे सांगतात, की तो मोठ्याने हसला आणि घोड्यावरून उतरला. पागा नदीकाठी बांधली गेली. आणि 'भाईरचा माळ' हे नाव त्या दिवसापासून कोणी घेतले नाही. म्हाळसाबाईच्या तोंडचे 'येते' तेवढे वस्तीला चिकटले.

तटाचे दगड पुढे रस्त्याला गेले, शहर पूल ओलांडून इथवर आले. नव्या इमारतींत आता कितीतरी भाषा बोलल्या जातात. पण आजही येतेवाडीत कोणी "येतो" म्हणून निघाले, की घरातले माणूस "कधी?" असे विचारते, आणि दिवस सांगितल्याशिवाय त्याची सुटका नसते. कुरिअर घेऊन येणारा नवा मुलगा असला तर तो बावरतो आणि "पार्सल आलं की" असे म्हणून जिना उतरतो. आणि ठरल्या दिवशी माणूस खरोखर आला, की दार उघडणारा त्याला पाणी देण्याआधी एवढेच म्हणतो, "तुम्ही आलात, म्हणून आम्ही आहोत."