खेळातला नंदादीप

एका घरी एक कोंबडी होती, एक बोका होता आणि सुनेच्या, म्हणजे हौसाच्या, कॉम्प्युटरवरल्या खेळात एक नंदादीप होता. हौसानं खेळात देऊळ बांधून तो लावला होता. नंदादीप विझवायचा नसतो, म्हणून ती कॉम्प्युटर कधी बंदच करीना.

घरची वीज छपरावरच्या उन्हाची, बॅटरीत साठेल तेवढीच. कोंबडीची अंडी बल्बच्या उबेला ठेवली होती. पण रोज पहाटे बल्ब मंदावे आणि अंडी गार पडू लागत.

“मेल्या बोक्या, वीज तूच खातोस!” कोंबडी म्हणाली.

“मी दूध चोरतो बाई, वीज नाही.”

मग तिनं नंदादीपाकडे मान वाकडी केली. “आणि तू रे?”

“मी चित्रातला. मला तेल नाही, वात नाही. मी काय खाणार?”

“मग हा बोका तुझ्याच कॉम्प्युटरच्या डब्यावर का लोळतो?”

“चुलीसारखी ऊब असते गं तिथं,” बोका बोलून गेला.

“न खाता कुणाचं अंग तापतं होय?”

मग कोंबडी डब्यावर चढून अशी ओरडली की हौसा धावत आली. तिला उचलताना हौसाच्या हाताला डब्याचा चटकाच बसला. हौसा डब्याकडे बघत राहिली, मग मंद बल्बकडे. तिनं दिव्याला हात जोडले आणि खेळासकट कॉम्प्युटर बंद केला.

बल्ब पहाटेपर्यंत लख्ख राहू लागला. पुढं अंडी फुटली, आणि कोंबडी पिल्लांचा गोतावळा घेऊन अंगणभर मिरवू लागली.