पडद्यामागचे आवाज

मुलांनो, आणि मुलांच्या शेजारी बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार मागची आहे. डोंगरांच्या ओंजळीत एक तळं होतं. त्यावर असं दाट धुकं उतरायचं, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळायचं नाही.

तळ्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. मधे भिवा नावाड्याची नाव. त्या नावेतून नवऱ्या सासरी जायच्या आणि माहेरपणाला परत यायच्या.

एकदा जत्रेला निघालेली नाव धुक्यात उलटली. मोठी माणसं पोहत काठाला लागली. नावेत दोन लहान मुलीही होत्या. भिवाने एकीला वाचवलं. ती पलीकडच्या गावची निघाली. अलीकडच्या सगुणेची चिमी मात्र तळ्याने ठेवून घेतली.

"आपल्या गावचं पोर सोडलं आणि त्यांचं धरलं!" लोक म्हणाले. भिवाशी कुणी बोलेना. पलीकडचे लोक शरमेने इकडे फिरकेनात. नाव काठावर पालथी पडून राहिली. सगुणेसमोर कुणी चिमीचं नाव घेईना, आणि पलीकडे वाचलेली ती मुलगी मोठ्याने हसायलाही भिऊ लागली.

अशी वर्षं गेली. मग एके दिवशी साळू नावाची एक बाई पाठीवर बाहुल्यांची पेटी घेऊन आली. तिला पलीकडे जायचं होतं. नाव का चालत नाही, असं तिने पाणवठ्यावर विचारलं. कुणी अर्धं वाक्य सांगितलं, कुणी नुसताच पदर डोळ्यांना लावला. साळूला तेवढ्यातून कळलं.

ती तळ्याच्या टोकाशी राहिली, जिथे डोंगराला लांबचा वळसा घालून येणाऱ्या दोन्ही गावांच्या वाटा मिळतात. हलक्या लाकडातून तिने नव्या बाहुल्या कोरल्या. एक नावाडी केला, दोन मुली केल्या. मग दोन्ही गावांना खेळाचं आवतण दिलं.

दिवेलागणीला लोक आले आणि वेगवेगळे बसले. भिवा सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पडदा उजळला. धुक्यासारख्या पांढऱ्या कापडापुढे इवलीशी नाव डुलू लागली. पण बाहुल्या गप्पच.

साळू म्हणाली, "यांना आवाज नाही. ज्याला यांचं म्हणणं ठाऊक असेल, त्याने पडद्यामागे यावं. कोण बोललं, ते कुणी विचारायचं नाही."

 सगुणा उठून पडद्यामागे गेली आणि तिने एका मुलीची बाहुली हातात घेतली. पडद्यामागून एक बारीक आवाज आला, "आई, तू मला जत्रेला धाडलंस म्हणून स्वतःला बोल लावतेस ना? मीच हट्ट केला होता गं."

गर्दीतल्या बाया रडू लागल्या. भिवा पुढे कधी आला, पडद्यामागे कधी गेला, कुणाला कळलंच नाही. लाकडी नावाडी हलला.

"मला काही दिसत नव्हतं," नावाडी म्हणाला. "हाताला दोन हात लागले होते. कुठला कुणाचा, ठाऊक नव्हतं. एक निसटला."

"तो माझा होता, भिवामामा."

"हो, पोरी. मी पुन्हा पुन्हा बुडी मारली. अजूनही झोपेत मारतो."

 मुलीची बाहुली म्हणाली, "मला राग येतो. अजून येतो. पण तू मला शोधलंस, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

लाकडाची छोटी बोटं नावाड्याच्या हातावर टेकली. तेवढ्यात पलीकडच्या लोकांतून ती वाचलेली मुलगी उठली. आता ती चांगली उंच झाली होती. पडद्यामागे जाऊन तिने तिसरी बाहुली उचलली.  बाहुलीसकट ती सगुणेच्या कुशीत शिरली, आणि सगुणेने तिला दूर केलं नाही.

सकाळी पलीकडचे सुतार फळ्या घेऊन आले. दोन्ही गावांनी मिळून नाव दुरुस्त केली आणि ठरवलं, की धुकं पाहून भिवा नको म्हणाला तर कुणी नाव काढायची नाही. वाटेतच धुकं उतरलं, तर दोन्ही काठांवर बायांनी गात राहायचं, म्हणजे आवाजावरून काठ सापडेल. ती गाणी साळूने त्यांच्याबरोबर बसून रचली. एका गाण्यात सगुणेने चिमीचं नाव घातलं.

पुढे कितीतरी नावा त्या गाण्यांच्या मागोमाग धुक्यातून सुखरूप काठाला लागल्या.

म्हणून सांगतो, तोंडावर बोलता न येणारं दुःख कलेच्या आडोशाने बोलू लागतं, आणि तेव्हाच तुटलेली माणसं पुन्हा जवळ येतात.