चार पायऱ्या

"मग करताय ना सही, नाखवा?"

पोशा नाखवा धक्क्याच्या पायरीवर बसून जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही.

जितेश लहानपणी त्याच्याच होडीवर पाणी ओळखायला शिकला. आता तो बंदराच्या सांडपाणी योजनेचा इंजिनिअर होता. पाणी स्वच्छ आहे अशी नाखव्याची सही मिळाली, की उद्या आणखी दोन उपनगरांची गटारं धक्क्याखाली समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नळाला जोडली जाणार होती. नळासमोरच्या गाळात कोळणी तिसऱ्यांचे शिंपले वेचत.

"बारा बाटल्या तपासल्या. बाराही स्वच्छ," जितेश म्हणाला. "सरकारने सात वर्षं राबून केलंय हे."

"मग माझी सही कशाला?"

"तुमचं लोक ऐकतात."

"पाणी भरलंस कधी?"

"भरतीला. ओहोटीला आमची लाँच इथवर येत नाही."

"लाँचला चिखल आवडत नसेल."

जितेशने पेन पुढे केलं. नाखव्याने ते घेऊन कानावर ठेवलं.

"चार पायऱ्या उघड्या पडू देत. मग करतो."

"नाखवा, संध्याकाळी कागद द्यायचाय मला."

नाखवा गाठ मारत राहिला...

एक पायरी उघडी पडली. मग दुसरी.

लाँचवरून हाक आली. "साहेब, पाणी उतरतंय. आता निघालो नाही तर रुतू."

जितेशने घड्याळ पाहिलं. मग नाखव्याच्या कानावरचं पेन.

"जा की," नाखवा म्हणाला. "तुला कोणी धरलंय?"

"...तुम्ही निघा," जितेश लाँचवाल्याला म्हणाला.

तिसरी पायरी उघडी पडली, आणि वास आला.

चौथीला नळाचं तोंड दिसलं. काळं, फेसाळ पाणी गाळावरून पसरत गेलं.

एक कोळीण पाटी घेऊन गाळात उतरली. पदर नाकाशी धरून तिने त्या पाण्यात हात घातला. जितेशची आत्या होती ती. धक्क्याकडे पाहून ती थांबली.

"जितू? कधी आलास रे? न जेवता जाऊ नकोस. तिसऱ्यांचं कालवण करते."

हातातला कागद जितेशने दुमडला, पुन्हा उलगडला. 'स्वच्छ' या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"नाखवा... पेन द्या माझं."

नाखव्याने जाळं बाजूला ठेवलं.

"आधी जेवून ये."